इस्त्रीने चिकटणारी बॅटिंग घेण्याआधी हे वाचा

बॅटिंग म्हणजे गोधडीचा वरचा थर आणि अस्तर यांच्या मध्ये घालायचा फुगीर थर. फ्यूजिबल बॅटिंग, म्हणजे इस्त्री ठेवली की कापडाला चिकटणारी बॅटिंग, आम्ही विकतो. तरीही डबल बेडच्या गोधडीसाठी कोणी ती मागितली, की आम्ही आधी दोन गोष्टी विचारतो: घरी इस्त्री कोणती आहे, आणि अस्तराला कोणतं कापड लावणार? उत्तरं ऐकून बहुतेक वेळा आम्ही साधी बॅटिंगच पुढे करतो. त्यामागची कारणं इथे लिहिली आहेत.

शर्टाच्या कॉलरमध्ये बकरम जसं चिकटवतात, तसंच हे काम आहे. बॅटिंगवर गोंदाचे बारीक कण असतात. उष्णतेने ते वितळतात, कापडात शिरतात आणि गार झाले की धरतात. पण कॉलर दोन-तीन बोटं रुंद असते, आणि गोधडी सात फूट लांब. शिवाय तुकडे जोडून केलेल्या वरच्या थराला जोडाजोडाशी कापडाची घडी असते. तिथे उष्णता खाली पोचत नाही आणि नेमका जोडच सुटा राहतो. म्हणून इस्त्री अजून तापवावी, तर पॉलिस्टरची बॅटिंग फुगीरपणा सोडून पुठ्ठ्यासारखी चपटी होते. वाफ नसलेल्या हलक्या इस्त्रीने हा त्रास जास्त होतो.

दुसरी अडचण गार होण्याची. गोंद गार होईपर्यंत कापड हलता कामा नये. मोठी गोधडी टेबलावर मावत नाही, त्यामुळे एक भाग चिकटवून आपण लगेच पुढे सरकवतो. गरम भाग टेबलाच्या कडेवर वाकतो, आणि मागच्या बाजूला चुणी पडून तशीच चिकटते. ती दिसते शिवून झाल्यावर.

जुन्या साड्यांची गोधडी असेल तर

हे आम्ही मुद्दाम सगळ्यांना सांगतो. एका ताईंनी त्यांच्या आईच्या साड्या आणल्या होत्या, मऊ झालेल्या, फिक्या रंगांच्या. त्यातली एक नायलॉनची होती आणि ते आमच्या लक्षात आलं नाही. इस्त्री टेकवली आणि तळहाताएवढा भाग आक्रसून गोळा झाला. ताई काही बोलल्या नाहीत, नुसता त्या जागेवरून हात फिरवत राहिल्या. तशी साडी आम्ही कुठून आणून देणार होतो? तेव्हापासून साडी आली की आम्ही कडेचा एक धागा काढून, चिमट्यात धरून जाळून बघतो. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. नायलॉन किंवा पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतो. मणी दिसला, तर त्या कापडाला चिकटणारी बॅटिंग लावायचीच नाही.

हाताने धावदोरा घालणाऱ्यांनीही ती घेऊ नये. गोंदाच्या थरातून सुई ओढताना बोटं दुखतात, सुई चिकट होते, टाके सारखे पडत नाहीत.

आणि एक गैरसमज: गोंद आहे म्हणून शिवण लांब लांब घातली तरी चालते, असं पुष्कळांना वाटतं. बऱ्याच बॅटिंगचा गोंद धुण्यात सुटतो. गोंदाचं काम शिवून होईपर्यंत थर धरून ठेवणं, एवढंच. पुढे गोधडी टाक्यांवरच टिकते.

टेबलमॅट, डब्याची पिशवी, उशीचा अभ्रा अशा तीन फुटांच्या आतल्या मशीनकामाला मात्र ही बॅटिंग छान. इस्त्री घासायची नाही, दाबून धरायची, उचलायची, पुढे ठेवायची. दोन्ही बाजूंनी.

मग मोठी गोधडी धरायची कशी?

आमचं मत विचाराल तर, टाचून, म्हणजे लांब लांब तात्पुरते टाके घालून. वेळ जातो, पण बिघडत काही नाही.

स्वच्छ फरशीवर अस्तर उलटं पसरा आणि कडा चिकटपट्टीने फरशीला लावा. सुरकुती जाईल एवढंच ताणा, जास्त ओढलं तर सुटल्यावर अस्तर आखडतं. अस्तर आणि बॅटिंग वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठी हवी. बॅटिंग घडीतून काढून आदल्या रात्री मोकळी पसरून ठेवा, वळ्या आपोआप बसतात. अस्तरावर बॅटिंग आणि तिच्यावर वरचा थर पसरा, मग मधून टाचायला सुरुवात करून बाहेर जा. पांढरा सुती दोरा, लांब सुई, दोन-दोन इंचांचे टाके, आणि दोन ओळींत चार इंच अंतर. रंगीत दोरा नको, फिक्या कापडावर रंगाच्या खुणा राहतात. डाव्या हातात जुना चमचा धरा. सुईचं टोक वर आलं की चमच्याच्या कडेवर झेला आणि उचला. बोटाला टोचत नाही आणि हात झपाझप चालतो.

खाली बसवत नसेल, तर अस्तर आणि वरचा थर दोन लाकडी पट्ट्यांवर वेगवेगळे गुंडाळा. जेवणाच्या टेबलावर हातभर उलगडायचं, मध्ये बॅटिंग घालायची, टाचायचं, पुढे सरकवायचं. गुडघेदुखीवाल्या आमच्या कितीतरी मावश्या आता असंच करतात.

मशीनवर शिवणार असाल तर सेफ्टी पिनाही चालतात. कुठेही मूठ टेकवली तरी ती पिनेला लागली पाहिजे, एवढ्या जवळ लावा. 60 × 90 इंचांच्या गोधडीला सुमारे 340 पिना लागतात. पावसाळ्यात त्या आठवडेच्या आठवडे तशाच ठेवू नका, गंजाचा डाग निघत नाही.

थर चिकटवायचा स्प्रे सोपा, पण तो पेट घेतो. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद करा, देवघरात समई तेवत असेल तर त्या खोलीत मारूच नका. मैद्याची पातळ खळ ठिपक्या-ठिपक्यांनी लावली तरी चालते, पण शिवून झाल्यावर लगेच धुवा, नाहीतर झुरळं आणि कसर लागते. लाकूडकामाचा पांढरा गोंद कधीही नको. तो धुऊन जात नाही.

नुसत्या जुन्या साड्यांचे थर घालून हाताने शिवणार असाल, तर यातलं फार काही लागत नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, ती कडेपासून सुरू करून फेरी घालत मध्यापर्यंत येते. पहिली फेरी घातली की थर जागेवर बसतात, आणि प्रत्येक ओळ पुढच्या ओळीसाठी कापड धरून ठेवते. थर पातळ असतात म्हणून हे जमतं. फुगीर बॅटिंगला हीच रीत लावली, तर मध्यावर येईपर्यंत कापडाचा फुगा जमा होतो.

चिकटणारी बॅटिंगच हवी असेल, तर दुकानात सहा इंचाचा नमुना मागा, तो आम्ही फुकट देतो. तुमच्याच कापडावर, तुमच्याच इस्त्रीने चिकटवा, पूर्ण गार होऊ द्या, कोपरा ओढून बघा, मग धुऊन वाळवा. पटलं तर कापून न्यायला या. साड्या असतील तर बरोबर घेऊन या. एकेक धागा जाळून बघायला दहा मिनिटं लागतात, आणि त्याचे आम्ही पैसे घेत नाही.