गच्चीवर माती कशी चढली

कुंडीत टोमॅटो, गच्चीवर पालक, हे अलीकडचं फॅड आहे असं अनेकांना वाटतं. मुंबईपुरतं बोलायचं तर भाजीपाला या शहराच्या पोटातच पिकत होता. गिरगावातली फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावं आजही पत्त्यांत आहेत. शहर वाढत गेलं ते अशा वाड्यांवर आणि पुढे उत्तरेकडच्या साष्टी बेटाच्या भातखाचरांवर. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरं बृहन्मुंबईत आली, तेव्हाही तिथल्या गावठाणांभोवती शेतं होती. १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या म्हशी तिकडे नेल्या जाऊ लागल्या. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण म्हशींबरोबर शेणखतही लांब गेलं.

‘अधिक धान्य पिकवा’ अशी हाक सरकारने दिली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिथला तांदूळ बंद झाला आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. पुढे १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी स्वतःच्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर नांगर धरला. टंचाई सरली की शहरवासीयांचा उत्साहही ओसरायचा. दीर्घकाळ टिकली ती रेल्वेची योजना. रुळांलगतची जागा कर्मचाऱ्यांना भाजी लावायला द्यायची, म्हणजे त्यावर अतिक्रमण होत नाही. लोकलच्या खिडकीतून दिसणारे माठ, मुळा, अळूचे वाफे त्यातलेच. त्यांना नाल्याचं पाणी दिलं जाई, यावर झालेली टीका रास्त आहे. मात्र ते नाले इतके घाण झाले कसे, हाही प्रश्न तितक्याच जोराने विचारायला हवा.

आजच्या गच्चीबागेचं खरं मूळ मात्र मुंबईत नाही, कोल्हापूरकडे आहे. श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४–२००१) हे गणिताचे प्राध्यापक. साठच्या दशकात त्यांनी ‘प्रयोग परिवार’ सुरू केला. शेतकऱ्याने आपल्याच रानात प्रयोग करायचा, मोजमाप ठेवायचं आणि जे हाती लागेल ते दुसऱ्या शेतकऱ्याला सांगायचं, एवढीच त्याची रीत. सांगली-तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी या देवाणघेवाणीतून जे मिळवलं, ते अनेक संशोधन केंद्रांना हेवा वाटावा असं होतं. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाचं नीट भागू शकतं असं दाभोलकर सांगत. झाड प्रामुख्याने उन्हावर आणि हवेवर वाढतं, तेव्हा पानांना ऊन किती मिळतं ते मोजा, हा त्यांचा धोशा असे. जमीन नसलेल्या शहरी माणसाला या एका वाक्याने केवढा दिलासा दिला! ऊन तर गच्चीवर भरपूर असतं.

प्रश्न उरला मातीचा. ओली माती जड, स्लॅबला भार, वर गळतीची भीती. यावर दाभोलकरांच्या वाटेने जाणाऱ्यांनी पालापाचोळ्याचीच माती करायचं ठरवलं. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ कालवायचा, तीन दिवस रोज ढवळायचं. हे अमृतजल. ते दहापट पाण्यात मिसळून त्यात वाळका पाला दिवसभर भिजवायचा, मग थोड्या मातीबरोबर थर लावून कुजू द्यायचा. होते ती काळी, भुसभुशीत, हलकी ‘अमृतमाती’. मुंबईत डॉ. रमेश दोशींनी रसवंतीवाले फेकून देतात ती उसाची चिपाडं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली, वर घरचं खत आणि थोडीशीच माती. २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. तिथे रोजचा ओला कचरा कचरागाडीत न जाता जिना चढू लागला, त्याच्यावर फळझाडं आणि भाज्या उभ्या राहिल्या. शहरातल्या कितीतरी गच्च्यांनी पुढे हाच धडा गिरवला.

हे सगळं मला मोलाचं वाटतं. तरीही गच्चीने मुंबईचं पोट भरत नाही. कोथिंबीर, मिरची, मेथी, थोडी वांगी, एवढ्यात ती रमते. शहराजवळचं खरं अन्न वसईच्या वाड्यांत होतं. वसईची केळी आणि त्यांची सुकेळी, पानवेली, भाजी, फुलं. पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन येणाऱ्या वसईच्या बायकांना मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हा हिरवा पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, टँकरवाल्यांनी विहिरींचा उपसा चालवला, गोडं पाणी मचूळ झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, मोर्चे निघाले. त्यामुळे काही वाड्या वाचल्या, पुष्कळ गेल्या.

बाजारही याच काळात लांब गेला. १९९६ मध्ये भाजी आणि फळांचा घाऊक व्यापार भायखळा-क्रॉफर्ड मार्केटकडून वाशीला हलला. नाशिक-पुण्याकडच्या ट्रकांसाठी ते सोयीचं झालं, वसईच्या टोपलीचा त्यात विचार नव्हता. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. शेतकऱ्याला थेट ग्राहकाला विकता येतं, त्यासाठी आठवडे बाजारही भरतात. पण रोज सकाळी शहरात येऊन विकणारीला बसायला हक्काची जागा लागते, आणि ती पालिकांनीच द्यायची असते. नव्या इमारतीत मोटारींसाठी जागा राखल्याशिवाय परवानगी मिळत नाही. मग वॉर्डात भाजीवाल्या शेतकरणींसाठी चार ओटे राखणं एवढं अवघड का असावं?