‘लीख दिसली, घरी जा’: एका शालेय नियमाची पार्श्वभूमी

उवा माणसाइतक्याच जुन्या. सुमारे 3700 वर्षांपूर्वीची एक हस्तिदंती फणी आजच्या इस्रायलमधल्या लाखीश या प्राचीन शहराच्या उत्खननात सापडली. तिच्यावर कोरलेला मजकूर 2022मध्ये प्रसिद्ध झाला, तो केसांतल्या नि दाढीतल्या उवा निघून जाव्यात असा. पण लीख दिसली की मुलाला शाळेतून घरी पाठवायचे का, हा वाद अलीकडचा आहे आणि तो उवांपेक्षा लिखांवर जास्त झाला.

गोंधळ शब्दातच आहे. जिवंत अंडे ती लीख, आणि पिल्लू बाहेर पडल्यावर केसाला चिकटून राहिलेले रिकामे टरफल तीही लीखच. भरलेले अंडे टाळूलगत असते, तपकिरी, केसांत सहज मिसळणारे. रिकामे टरफल पांढरे, लांबून चमकणारे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि टरफल त्याच्यासोबत वर सरकते. म्हणजे तपासणाऱ्याच्या नजरेत आधी भरते ते नेमके निरुपद्रवी टरफल! तरी ‘एकही लीख नको’ हा नियम अनेक शाळांनी पाळला, उपचार झालेल्या मुलांनाही परत पाठवले. 2001मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत डोक्यात फक्त लिखा असलेल्या 50 मुलांवर 14 दिवस लक्ष ठेवले. त्यातल्या 9 जणांच्याच डोक्यात उवा झाल्या. उरलेल्या 41 जणांना घरी बसवून काय साधले असते?

नियमाला बळ भीतीने दिले. टायफस हा ताप उवांमुळे पसरतो हे 1909मध्ये कळले. पण तो पसरवणारी ऊ अंगावरच्या कपड्यांत राहणारी. डोक्यातली ऊ खाज आणते, झोप मोडते, रोग पसरवत नाही. ती उडी मारत नाही, उडत नाही. डोक्याला डोके लागले की सरपटत जाते आणि डोक्यावरून पडली तर एक-दोन दिवसांत मरते.

उवा मारायला दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले, मग लिंडेन, 1980च्या दशकात पर्मेथ्रिन. औषध मिळाल्यावर प्रश्न सुटल्यासारखा वाटला, पण 1990च्या दशकात उवा त्याला दाद देईनाशा झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. शिवाय ते सगळी अंडी मारत नाही. म्हणून नऊएक दिवसांनी पुन्हा लावायचे, आणि फणी काही सुटत नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2002मध्ये आणि पुन्हा 2010मध्ये सांगितले, की उवा-लिखांमुळे निरोगी मुलाची शाळा बुडू नये. दिवस पूर्ण होऊ द्यावा, संध्याकाळी घरी उपचार करावा. काही शाळांनी नियम सोडला. काहींनी पालकांच्या तक्रारींमुळे ठेवला आणि तपासणीत अजूनही पांढरे टरफलच शोधले जाते.