कानबाईचे रोट : सव्वा मुठीमागचा इतिहास

मार्गशीर्ष पौर्णिमेला अन्नपूर्णा जयंती असते, आणि लग्नात लेकीबरोबर दिलेली पितळेची अन्नपूर्णा खानदेशातल्या देवघरांतही तांदळात बसलेली दिसते. तरीही जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसाला धान्याचा सण कोणता असे विचारले, तर तो बहुधा श्रावणाचेच नाव घेईल. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी घरोघरी कानबाई ही देवी बसते आणि तिच्या नैवेद्याला ‘रोट’ म्हणतात.

रोटाचे गहू अंदाजाने काढत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे, अगदी पाळण्यातल्या बाळामागेही, सव्वा मूठ असे मोजून ते बाजूला ठेवतात. दुसऱ्या दळणाचा कण त्यात मिसळू नये म्हणून गिरणीवालाही आधी चक्की धुऊन-पुसून घेतो. त्या पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत खीर आणि गंगाफळाची भाजी असा नैवेद्य झाला, की भाऊबंद एकत्र बसून जेवतात. रोटाचे अन्न भाऊबंदांबाहेर देत नाहीत, उष्टे टाकत नाहीत, आणि दळलेले पीठ श्रावणी पौर्णिमेच्या आत संपवायचे असते.

ही मोजणी इतकी काटेकोर का, याचे उत्तर मला खानदेशाच्या शेतीत दिसते. इथले रोजचे अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी. गहू तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला पिकत असला, तरी सामान्य घरात तो सणासुदीलाच निघत असे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 दरम्यान, कापसाला भाव आला आणि धान्याच्या जागी कपाशीचा पेरा वाढला. पुढे 1899-1900 च्या दुष्काळाने पिकाचा भरवसा किती तोकडा आहे हे दाखवून दिले. त्यातही श्रावण हा कणगीचा तळ दिसू लागण्याचा महिना, कारण उन्हाळ्यापूर्वीचे धान्य सरत आलेले असते आणि खरीप अजून शेतात उभा असतो. नेमक्या अशा दिवसांत जपून ठेवलेला गहू बाहेर काढायचा, माणशी सारखा मोजायचा आणि कण वाया न घालवता संपवायचा, यात अन्नाचा मान जितका आहे तितकाच वाटपाचा न्यायही आहे.

देवीच्या मुळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कानबाई हे नाव कान्हा म्हणजे कृष्णाशी आणि गोपालक आभीरांशी जोडले जाते. खानदेशातल्या अहिराणी बोलीचे नावही याच आभीरांवरून, म्हणजे अहिरांवरून, आले असे मानतात. आभीर राजा ईश्वरसेनाचा तिसऱ्या शतकातला शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे, म्हणजे या प्रदेशाशी त्यांचा संबंध जुना खरा. पण त्यावरून सणाचे वय ठरवणे मला घाईचे वाटते. त्याहून बोलके साम्य शेजारच्या गुजरातेत आहे. तिथे सूर्यपत्नी रांदल लोट्यावर नारळ ठेवून, त्याला डोळे-नाक लावून पुजली जाते. खानदेशातही नारळालाच डोळे आणि नथ लावून कानबाई सजवतात, तिच्या जोडीने रानबाईचे नाव घेतात आणि वारही रविवारच, सूर्याचा, धरतात.

पोटासाठी सुरतेला, पुण्याला गेलेली कुटुंबे आजही या रविवारी गावी येतात, कारण रोट भाऊबंदांतच खायचे असल्याने सगळ्यांना एका घरी जमावे लागते. मोजणीत मुलींची मूठ धरली जात नाही, हे मात्र मला खुपते. ज्या बायका दळण-कांडणापासून पुरणापर्यंत सगळे करतात, त्यांची मूठ आता त्यात पडायला हवी.

सोमवारी सकाळी वाजतगाजत, फुगड्या खेळत कानबाईला नदीवर निरोप देतात. घरी परतल्यावर उरलेल्या पिठाचा डबा उघडतो आणि पौर्णिमेपर्यंत त्याच पिठाच्या पोळ्या ताटात येत राहतात.