स्टिम्युलंट औषधं आणि उतावळे निर्णय

मेंदूत डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन ही पेशींमध्ये निरोप नेणारी रसायनं वाढवणारा औषधांचा गट. मुख्य औषधं दोन, मिथाइलफेनिडेट आणि अँफेटामाइन. मुख्य वापर एडीएचडीत, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, मनात आलं की करून मोकळं, अशा त्रासात. आपल्याकडे एडीएचडीसाठी या दोनपैकी मिथाइलफेनिडेटच वापरतात आणि ते १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळं कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मेडिकलमध्ये जाऊन ‘पोरगं लय दंगा करतंय, एक पाकीट द्या’ म्हणून मिळत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

उगम : अँफेटामाइन १८८७ मध्ये बर्लिनला लाझार एडेलेआनु यांनी बनवलं, पण त्याचा औषध म्हणून उपयोग कळायला चार-पाच दशकं गेली. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेंझेड्रिन, म्हणजे अँफेटामाइनच, दिलं, आणि त्यातली जवळपास निम्मी मुलं शाळेत एकदम नीट अभ्यास करायला लागली. औषध दिलं होतं तपासणीनंतरच्या डोकेदुखीसाठी, बाकीचं योगायोगानं दिसलं, असं बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये सिबा कंपनीच्या लिआंद्रो पानिझोन यांनी तयार केलं आणि १९५० च्या दशकाच्या मध्यात ते रिटालिन नावानं बाजारात आलं. हे नाव त्यांच्या बायकोवरून, रितावरून.

तरतरी आणणारं औषध दंगेखोर पोराला शांत कसं करतं, यावर बराच काळ वाद होता. या मुलांचा मेंदूच उलटा चालतो, असं जुनं मत. पण १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपपोर्ट आणि सहकाऱ्यांनी कुठलाही त्रास नसलेल्या मुलग्यांना डेक्स्ट्रोअँफेटामाइनचा (अँफेटामाइनचाच एक प्रकार) एक डोस दिला तर तीही कमी हलली आणि त्यांचं लक्ष सुधारलं. त्यामुळं ‘गोळीनं फरक पडला म्हणजे एडीएचडी आहेच’ हा तर्क चालत नाही. आजही तो सर्रास ऐकू येतो.

मेंदूत काय होतं : वापरून झालेलं डोपामाइन परत आत ओढणारी प्रथिनं पेशींवर असतात, मिथाइलफेनिडेट ती अडवतं, मेंदूसंशोधक नोरा व्होल्कोव यांच्या पेट स्कॅनमध्ये (मेंदूतली रसायनं दाखवणारी तपासणी) नेहमीच्या डोसला स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागातली निम्म्याहून जास्त अडलेली दिसली. अँफेटामाइन याशिवाय पेशीतला साठाही बाहेर ढकलतं. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये मात्र अशी प्रथिनं कमी, तिथं डोपामाइन उचलायचं काम बरंचसं नॉरएपिनेफ्रिनचं प्रथिनच करतं, म्हणून थोड्या डोसलाही त्या भागात दोन्ही रसायनं वाढतात. मेंदूसंशोधक एमी आर्नस्टेन यांच्या मांडणीत ही रसायनं कमी पडली तरी हा भाग ढिला, जास्त झाली तरी बिघडतो. डोस जास्त झाल्यावर चिडचिड का वाढते किंवा माणूस एकाच गोष्टीला चिकटून का बसतो, हे यातून बरं उलगडतं, म्हणून इथं हेच मत धरलंय.

उतावळेपणा ही एकच गोष्ट नाही, आणि इथंच बरेच लेख घोळ घालतात. हात उचललाय आणि शेवटच्या क्षणी थांबायचंय, हा एक प्रकार. यात मिथाइलफेनिडेटनं थांबण्याचा वेग सुधारतो, हे बऱ्यापैकी पक्कं. दुसरा प्रकार वाट बघण्याचा : आज ५०० घेणार का महिन्यानं ८००? इथं निकाल एकसारखे नाहीत. २००९ च्या एका अभ्यासात एडीएचडीच्या मुलांना खरोखर थांबून खरोखर पैसे मिळत होते तेव्हा औषधानं धीर वाढला, नुसत्या कागदावरच्या प्रश्नांत नाही. उंदरांमध्ये तर वाट बघताना दिवा चालू ठेवला का बंद, एवढ्यावरून अँफेटामाइनचा परिणाम उलटला.

आणि धीर वाढला म्हणजे निर्णय चांगला झाला असंही नाही. २०२३ मध्ये निरोगी तरुणांना पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवायचं कोडं दिलं, औषध घेतलेल्यांनी कष्ट जास्त घेतले पण उत्तरांचा दर्जा घसरला. परीक्षेच्या तोंडावर मित्राकडून गोळी मागणाऱ्यांनी हे वाचावं. डोपामाइन वाढलं की उतावळेपणा कमीच होतो, हेही खरं नाही. पार्किन्सनच्या प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी काहींना जुगाराचा नाद लागल्याच्या नोंदी आहेत, पण त्या गोळ्या थेट रिसेप्टरवर, म्हणजे डोपामाइनचा निरोप घेणाऱ्या जागेवर, बसतात, रस्ता वेगळा.

खेळ : वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) यादीत ही औषधं स्पर्धेच्या काळात बंद आहेत. तालमीतल्या एखाद्या पैलवानाला एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट चालू असेल तर मैदानाआधी उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करावा लागतो, राष्ट्रीय पातळीवर तो नाडा या भारतातल्या तशाच संस्थेकडे जातो. व्यायामशाळांत चोरून टोचलं जाणारं मेफेंटरमाइन पण स्टिम्युलंटच, पण ते ऑपरेशनवेळी पडलेलं बीपी वर आणायचं इंजेक्शन, एडीएचडीशी त्याचा काही संबंध नाही.