दोन टक्क्यांत अडकलेला उद्देश

टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, एमडींनी (व्यवस्थापकीय संचालकांनी) ‘आपल्या कंपनीचा उद्देश’ सांगायचा, हा रिवाज आता चाकणपासून वाळूजपर्यंत रुजला आहे. पण उद्देश म्हणून नेमके काय सांगायचे, याचा घोळ मिटत नाही. उद्दिष्टे, ध्येय, व्हिजन, मिशन आणि सीएसआर (कंपनीने करायची सामाजिक कामे) या सगळ्यांचे ओझे त्या एका शब्दावर येऊन पडले आहे.

सर्वांत जुना धागा घटनापत्रकातला, म्हणजे कंपनी कोणता धंदा करणार हे लिहून ठेवणाऱ्या मूळ दस्तऐवजातला. १८७५ साली इंग्लंडमध्ये रेल्वेचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीचा खटला तिथल्या सर्वोच्च पीठापुढे आला. संचालकांनी बेल्जियममधल्या रेल्वेमार्गाच्या कामात पैसा घालण्याचा करार केला होता. घटनापत्रकातल्या उद्दिष्टांच्या कलमात हे काम बसत नव्हते. त्यामुळे करार मुळातच रद्द ठरला आणि सगळ्या भागधारकांनी संमती दिली तरी तो उभा राहणार नाही, असा निकाल लागला. वकिलांनी याचा धसका घेतला. पुढे कलमे इतकी ऐसपैस लिहिली जाऊ लागली की कोणताच धंदा बाहेर राहू नये. आपल्याकडे १९६५ पासून ‘मुख्य’ आणि ‘इतर’ उद्दिष्टे वेगळी लिहिली गेली. ‘इतर’मध्ये हॉटेलपासून शेतीपर्यंत सगळे येई. २०१३ च्या कंपनी कायद्याने तो भाग काढून टाकला, पण कंपनीने आपले काम कागदावर मांडताना काहीच सोडायचे नाही, ही सवय तोवर मुरली होती.

नेमके बोलण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला, तेव्हा लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनेल, अशी धास्ती शेतकऱ्यांना होती. नांगर खपवायचा तर तो कशासाठी आहे, हे आधी पटवावे लागत होते. १९२० साली कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ हे आपले पत्र काढले. त्याच पत्राचे पुढे मराठी घरांत वाचले जाणारे मासिक झाले. कारखान्याने गिऱ्हाइकाशी त्याच्याच भाषेत बोलावे, ही त्यामागची बुद्धी मला आजही मोठी वाटते.

खरा गुंता २०१३ च्या कंपनी कायद्याचा. त्यातली दोन कलमे पाहा. कलम १६६ संचालकांना सांगते की कंपनीची उद्दिष्टे पुढे न्या, आणि ते करताना भागधारकांबरोबर कामगार, समाज आणि पर्यावरण यांचेही हित पाहा. कलम १३५ सांगते की नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक पायरी गाठलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी. पहिले कलम भाषणांत फारसे ऐकू येत नाही, दुसरे मात्र प्रत्येक वार्षिक अहवालात तक्त्यासकट येते. सुरुवातीला खर्च न झाल्यास कारण दिले की भागत असे. जानेवारी २०२१ पासून न वापरलेली रक्कम ठरलेल्या निधीत वा खास खात्यात भरावी लागते, नाहीतर दंड होतो.

या २ टक्क्यांवर वाद खूप झाले. हा मागच्या दाराने आलेला कर आहे, असे उद्योगांचे म्हणणे होते. त्यातून शाळा आणि दवाखाने उभे राहिले, हेही खरेच. माझा आक्षेप नियमांतल्या एका ओळीवर आहे. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम सीएसआर म्हणून धरता येत नाही. पैशांचा गैरवापर टाळायला ही ओळ हवीच. कोविडच्या तीन वर्षांत लस आणि औषधांच्या संशोधनापुरती तिला सूट मिळाली, तेवढीच. पण तिचा परिणाम असा झाला की कंपनीचे चांगले काम म्हणजे कंपनीचे काम नसलेले काम, अशी समजूत घट्ट बसली.

मी वार्षिक अहवालांचे मसुदे करतो. एका पंप कारखान्याच्या कँटीनमध्ये एमडी ‘आपण कशासाठी आहोत’ यावर बोलत होते. पडद्यावर शाळेची स्वच्छतागृहे आणि वृक्षारोपण. टेस्टिंग बेंचवरचे एक काका उठले. “साहेब, हे चांगलंच आहे. पण आपला पंप तिसऱ्या उन्हाळ्यात सील सोडतो. शेतकऱ्याचं पाणी तिथंच थांबतं. त्याचं काय?” एमडींनी मान हलवली आणि पुढची स्लाइड लावली.

बाहेरच्या जगात याच काळात सूर बदलत होता. १९९७ मध्ये भागधारकांना पहिला मान देणाऱ्या अमेरिकी कंपनीप्रमुखांच्या संघटनेने २०१९ साली आपली भूमिका बदलणारे निवेदन काढले आणि १८१ प्रमुखांनी त्यावर सह्या केल्या. फ्रान्सने त्याच वर्षी कंपनीला आपले ध्येय स्वतःच्या नियमावलीत लिहिण्याची वाट कायद्याने मोकळी केली. २०२० मध्ये तिथल्या एका बड्या दुग्धउत्पादक कंपनीने ९९ टक्के मतांनी ते लिहिले, आणि मार्च २०२१ मध्ये संचालक मंडळाने ते घडवून आणणाऱ्या प्रमुखाला पदावरून दूर केले.

आपल्याकडे २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना जबाबदारीचा वेगळा अहवाल सक्तीचा आहे. त्याच्या पहिल्याच भागात उलाढालीचे ९० टक्के ज्यातून येतात ती कामे आणि उत्पादने लिहावी लागतात. भाषणाचा मसुदा मागणाऱ्या एमडींपुढे मी आता आधी तो तक्ता ठेवतो.