हा कोणाचा कोण?

मार्च १९८०. कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा परगण्यात एका जोडप्याचा राहत्या घरात खून झाला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना नमुन्यांचे दोन संच करायची सवय होती. एक तपासाला गेला, दुसरा शीतपेटीत पडून राहिला. सदतीसेक वर्षांनी खुन्याचा माग लागला तो या दुसऱ्या संचातून.

हा ‘गोल्डन स्टेट किलर’. १९७४ ते १९८६ या काळात त्याने १३ खून आणि पन्नासच्या आसपास बलात्कार केले. पोलिसांकडे त्याचा डीएनए होता, नाव नव्हतं. पोलिसांच्या साठ्यात डीएनएवरच्या जेमतेम वीस जागा तपासतात. माणूस आधीच त्या साठ्यात असेल तरच उपयोग.

तपास अधिकारी पॉल होल्स आणि वंशावळीच्या अभ्यासक बार्बरा रे-व्हेंटर यांनी प्रश्नच बदलला. ‘हा कोण?’ राहू दे, ‘हा कोणाचा कोण?’ ते शोधू. नमुन्यातल्या लाखो जागा वाचून ती माहिती ‘जेडमॅच’ या संकेतस्थळावर टाकली. हौसेने नातेवाईक शोधणारे लोक तिथे आपला डीएनए ठेवतात. सख्ख्या भावंडांचा निम्मा डीएनए सारखा असतो, चुलत-मावस भावंडांचा आठवा हिस्सा. ज्यांचे फक्त खापरपणजोबा-खापरपणजी एक, त्यांच्यात सरासरी एक टक्काही नाही. पण काही सलग तुकडे जुळले, तर तेवढ्यावरूनही नातं ओळखता येतं.

असेच लांबचे नातलग सापडले. पुढचं काम आपल्याकडे कुळवृत्तांत लिहिणारे करतात तसंच: जुन्या नोंदी, मृत्युलेख चाळत समान पूर्वजापर्यंत चढायचं आणि फांदीफांदीने खाली उतरायचं. पुरुष, त्या वयाचा, तेव्हा कॅलिफोर्नियात असलेला. गाळत गाळत जोसेफ डीअँजेलो उरला, ७२ वर्षांचा माजी पोलीस. दुकानातून हातोडी आणि कुत्रे पळवायचा फवारा चोरल्यावरून १९७९ मध्ये त्याची नोकरी गेली होती.

वंशावळ हा पुरावा नव्हे, हे तपास करणारे विसरले नाहीत, आणि ही काळजी मला फार मोलाची वाटते. पोलिसांनी त्याच्या गाडीच्या दाराच्या मुठीवरून नमुना घेतला, मग कचऱ्यातला वापरलेला टिश्यू उचलला. दोन्ही जुळले. २४ एप्रिल २०१८ ला अटक झाली.

ज्यांच्या डीएनएमुळे तो सापडला, त्यांनी तो पोलिसांसाठी ठेवला नव्हता. ही खटकणारीच गोष्ट. २०१९ मध्ये ‘जेडमॅच’ने नियम बदलला: स्वतःहून होकार देतील त्यांचाच डीएनए पोलिसांना दिसेल. हे आधीच व्हायला हवं होतं.

२०२० मध्ये डीअँजेलोने गुन्हे कबूल केले. ऑगस्टमध्ये, जन्मठेप सुनावण्याआधी, त्याने ज्यांचं आयुष्य उद्ध्वस्त केलं त्या बायका आणि मृतांचे आप्त न्यायालयात त्याच्यासमोर उभे राहून बोलले. सलग तीन दिवस.