पॅकमधला वारा आणि गणिताची काटकसर

गेल्या मे महिन्यात म्हापशाच्या एका गॅरेजात हॉटेलच्या बग्गीचा लिथियम बॅटरीचा पॅक उघडलेला पाहिला. 18650 जातीचे, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर उंच असे सहाशे सेल आणि एका टोकाला दोन पंखे. हवा आत घेणाऱ्या जाळीवर तांबड्या धुळीचा आणि खाऱ्या ओलीचा पापुद्रा धरला होता. मेस्त्री म्हणाला, ‘बाब, पंखा फिरतोय, पण वारं पोचत नाही.’

आता हिशेब बघा. सेलचा अंतर्गत रोध 30 मिलिओम धरला आणि त्यातून अडीच अँपिअर प्रवाह गेला, तर एक सेल सुमारे 0.19 वॅट उष्णता टाकतो. सहाशे सेलांचे झाले साधारण 112 वॅट. दोन्ही पंखे मिळून सेकंदाला 30 लिटर हवा ढकलत असतील, तर बाहेर पडेपर्यंत ती हवा सव्वातीन अंशांनी तापते. जाळी अर्धी बुजली की साडेसहा अंशांनी. इतके गणित पाकिटाच्या पाठीवर होते. अडते ते पुढे, कारण कोणत्या ओळीतला कोणता सेल किती तापेल हे सरासरीवरून कळत नाही.

त्यासाठी वाहत्या हवेची समीकरणे सोडवावी लागतात. ती जुनीच आहेत: नाव्हिए यांनी 1822 मध्ये मांडली आणि स्टोक्स यांनी 1845 मध्ये पक्की केली. पण कागदावरचे समीकरण सोडवायचे कसे? लुईस फ्राय रिचर्डसन यांनी 20 मे 1910 या दिवसाच्या हवेच्या दाबाचे गणित हाताने केले. सहा तासांच्या अंदाजासाठी कित्येक आठवडे आकडेमोड झाली आणि उत्तर आले ते सहा तासांत 145 मिलिबार वाढ, म्हणजे पार अशक्य. त्यांनी ते 1922 मध्ये जसेच्या तसे छापले, याचे मला आजही कौतुक वाटते.

पुढचा मोठा टप्पा मराठी माणसाचा आहे. पुण्यात जन्मलेले, पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि मग मुंबईच्या आयआयटीत शिकलेले सुहास पाटणकर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे गेले. 1972 मध्ये दोघांनी ‘सिंपल’ ही पद्धत मांडली. अडचण अशी होती की वेग काढायला दाब लागतो, पण दाबासाठी वेगळे समीकरणच हाताशी नसते. पाटणकरांची वाट साधी: दाब अदमासाने धरा, वेग काढा, मग गणितासाठी हवेच्या जागेच्या ज्या बारीक चौकटी पाडलेल्या असतात त्यांतल्या एखाद्या चौकटीत हवा जास्त शिरते आणि कमी बाहेर पडते असे दिसेल, त्या तफावतीवरून दाब दुरुस्त करा आणि पुन्हा फिरा. 1980 मधल्या त्यांच्या पुस्तकाची, पाने दुमडून मऊ झालेली लायब्ररीची प्रत आम्ही फर्मागुडीला, गोव्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, पाळीपाळीने वाचली आहे.

त्याच 1972 साली लिथुआनियाच्या झुकाऊस्कास यांनी नळ्यांच्या रांगांवरून आडवी हवा गेली की उष्णता किती निघते, याची सूत्रे एकत्र प्रसिद्ध केली. त्यांच्यासमोर होत्या बॉयलरच्या, हीट एक्स्चेंजरच्या नळ्या. पण दंडगोल सेलांचा पॅक म्हणजे तरी दुसरे काय?

बॅटरीची बाजू मात्र उशिरा आली. सेल किती उष्णता टाकतो, याचे सर्वसाधारण समीकरण बर्नार्डी, पाव्हलिकोव्हस्की आणि न्यूमन यांनी 1985 मध्ये दिले. सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला 1991 मध्ये. 1997 पासून टोयोटाच्या प्रियसने पंख्याने थंड होणारा पॅक रस्त्यावर आणला, पण तो निकेल-मेटल हायड्राइडचा होता. आपल्याकडे 2022 च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटर पेटल्या आणि त्यानंतर एआयएस-156 या बॅटरी-सुरक्षेच्या भारतीय मानकाची कलमे कडक झाली, तेव्हा हा विषय छोट्या कारखानदारांच्याही टेबलावर येऊन पडला.

आता काटकसरीचे. आमच्या पॅकमधून हवा 0.2 सेकंदात पार होते, पण सेल तापायला-निवायला दहा मिनिटे घेतो. हवेचा वेग सेकंदाला 2 मीटर आणि गणिताची चौकट अर्ध्या मिलिमीटरची धरली, तर हवेच्या मागे धावणाऱ्या गणिताला 0.00025 सेकंदाची पावले टाकावी लागतात. तासाभराच्या फेरीला एक कोटी चव्वेचाळीस लाख पावले! म्हणून युक्ती अशी की वारा एकदाच सोडवायचा, तो गोठवायचा आणि पुढे फक्त तापमान हलवायचे. तेव्हा सेकंदाला एक पाऊल पुरते, म्हणजे तासाला 3,600.

वारा गोठला की तापमानाचा हिशेब रेषीय होतो, म्हणजे उष्णता दुप्पट तर तापमानवाढही दुप्पट, आणि 1833 मधले दुहामेल यांचे तत्त्व कामाला येते. एका सेलला एक वॅट दिला तर बाकीचे कसे तापतात, हे एकदा काढून ठेवायचे. मग बग्गी चढ चढो वा थांबो, नुसती बेरीज. हल्ली याला ‘रिड्यूस्ड ऑर्डर मॉडेल’ असे भारदस्त नाव आहे. याच घराण्यातली दुसरी शाखा लमली (1967) आणि सिरोविच (1987) यांची, प्रवाहाच्या मोजक्या ‘छायाचित्रां’वरून मुख्य आकार निवडणारी. ती हुशार खरी, पण पॅकच्या रोजच्या कामाला मला बेरीजच बरी वाटते. फक्त पंख्याचा वेग बदलला की जुनी बेरीज चालत नाही. प्रत्येक वेगाला वेगळी लागते.

गोव्यात लोक विचारतात, दमट हवेचे काय? गणितात फारसे काही नाही. 33 अंशांवर 80 टक्के आर्द्रता असली तरी हवेची उष्णता धरण्याची क्षमता चार-पाच टक्केच बदलते. दमटपणा कनेक्टरला खातो, समीकरणाला नाही. चूक होते ती दुसरीकडे. पुष्कळ सॉफ्टवेअरांत आत येणाऱ्या हवेचे तापमान आधीच 300 केल्विन, म्हणजे 27 अंश भरलेले असते आणि ते बदलायचे राहून जाते. ती बग्गी दुपारभर पत्र्याच्या शेडखाली उभी असे. मेस्त्र्याने जाळीपाशी थर्मामीटर धरला, तो 38 दाखवत होता.